झरोका कोणी बुजवला?

१

भिंत पोकळ आहे हे मला कळलं तेव्हा मी नवऱ्याशी भांडत होते.

भांडण नेहमीचंच. आमची दोन खोल्यांची एक जागा आम्ही भाड्याने देतो. एक भाडेकरू गेला आणि दुसरा यायचा असला की मधल्या दिवसांत डागडुजी, रंगरंगोटी आम्ही नवराबायकोच करतो. कारागीर लावला की तो आपल्यालाच शिकवायला लागतो, आणि मला कोणी शिकवलेलं चालत नाही. तीस वर्षं मी शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. कामांची यादी मी करायची, कामं ह्यांनी करायची आणि त्यातलं काय राहिलं ते पुन्हा मीच सांगायचं, असा आमचा संसार. या वेळी मात्र पुट्टीचा पत्रा माझ्या हातात होता, कारण ह्यांचा गुडघा दुखत होता आणि स्टुलावर चढायचं म्हटलं की तो जरा जास्तच दुखायचा.

"अहो, आधी कोपऱ्यांतली जाळी काढून घ्या म्हटलं होतं ना मी?" मी बाथरूममधून ओरडले. "कोळी पडतायत माझ्या डोक्यावर."

"झाडू कुठे ठेवलास?" बाहेरून आवाज आला.

"तुमच्या हातात बघा."

बाहेर झाडू फिरायला लागला. म्हणजे हातातच होता.

मी पुन्हा भिंतीकडे वळले. टाईल्स जिथे संपतात त्याच्या वर, छतापासून हातभर खाली, रंगाला मोठा फुगा आला होता. पुढच्या सोमवारी तान्हं बाळ घेऊन एक जोडपं राहायला येणार होतं, त्यामुळे फुगे, पोपडे, ओल सगळं आधी निपटायचं होतं. मी फुग्याला पत्रा लावला. इतर ठिकाणी भिंत खर्रकन वाजत होती, इथे ढब्ब असा आवाज आला. पत्र्याच्या मुठीने ठोकून पाहिलं. पुन्हा ढब्ब. मग मी पत्र्याचं टोक आत खुपसलं आणि जोर लावला.

पुट्टीचा बशीएवढा तुकडा निघून बादलीत पडला. त्यामागे पांढरा थर्माकोल होता. तोही मी उपसला आणि त्यामागून माझ्या तोंडावर उजेड आला. थंड हवेची झुळूक आली.

मी पाहतच राहिले. समोर इमारतीच्या डक्टकडे, पाइपांच्या त्या उभ्या पोकळीत उघडणारा झरोका होता. बाहेरच्या लोखंडी पट्ट्या जागच्या जागी होत्या. या बाथरूमला खिडकी नाही, हवेला वाट एवढीच. झरोका आहे हे मी इतकं गृहीत धरलं होतं की तो दिसत नाही हे चार वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कोणीतरी तो आतून व्यवस्थित बुजवून वर रंग दिला होता.

मी स्टुलावरून उतरले आणि ओल्या फरशीवरच बसले. याच भिंतीवर, त्या भोकाच्या दीड हात खाली, तीन महिन्यांपूर्वीपर्यंत गॅसचा गिझर चालायचा; रंगासाठी तो आता उतरवला होता. आणि त्याच्या खाली, मी आता बसले होते तिथेच, आमच्या भाडेकरू बाई मेलेल्या सापडल्या होत्या.

२

बाई म्हणजे लायब्ररीवाल्या बाई. निवृत्त ग्रंथपाल. एकट्या राहायच्या, आवाज असा कधी नाहीच. चार वर्षांत त्यांनी एक खिळासुद्धा विचारल्याशिवाय ठोकला नाही. हृदयाचा थोडा त्रास होता, त्याची गोळी चालू होती. थंडीत त्यांचा जुना विजेचा गिझर बिघडला म्हणून आम्हीच गॅसचा बसवून दिला. त्यानंतर आठव्या दिवशी सकाळी त्या गेल्या. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं. कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

त्या आठ दिवसांत बाईंचा मला एक फोन आला होता. "अंघोळ केली की डोकं फार जड होतंय हो हल्ली," म्हणाल्या होत्या. आणि मी हसून म्हटलं होतं, "वाचन कमी करा."

"अगं, काय झालं?" हे दारात येऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. त्यांच्या हातातला झाडू खाली आला.

"बुजवलाय," मी म्हटलं. "झरोका बुजवलाय कोणीतरी. आणि आपण इथे गॅसचा गिझर लावला."

त्यांच्या तोंडाचा रंग पार उडाला.

नेमकी त्याच वेळी बाहेरून हाक आली, "काकू, आहात का?"

बाईंची मुलगी. माळ्यावर राहिलेली पुस्तकांची शेवटची पेटी न्यायला ती येणार होती, हे मी साफ विसरले होते. पोर औषधांच्या दुकानात काम करते. दर रविवारी ती आईच्या आठवड्याच्या गोळ्या घेऊन यायची. त्या एका रविवारी दुकानात माल उतरत होता, तिला यायला जमलं नाही. बुधवारी येते म्हणाली. बुधवारी सकाळी आई गेली. तीन दिवस गोळीविना.

गेले तीन महिने ती पोर वाळत चालली होती. भेटली की एकच म्हणायची, "मीच मारलं काकू आईला." तिला एक मामा, दुसरं कोणी नाही. त्या मामाने सगळ्यांदेखत सुनावलं होतं, औषधांच्या दुकानात बसतेस आणि आईचीच गोळी विसरतेस? तेव्हापासून तो तिचा फोन उचलत नव्हता.

ती बाथरूमच्या दाराशी आली. तिने भोक पाहिलं, बादलीतला थर्माकोल पाहिला, मग गिझरच्या पाइपांची तोंडं पाहिली. औषधांत वावरणारी मुलगी, तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"हे बंद होतं?" तिने विचारलं.

"हो."

"गिझर होता तेव्हाही?"

"हो गं."

ती चौकटीला धरून उभी राहिली. "आईचे गाल लाल होते," ती म्हणाली. "गुलाबी, एकदम टवटवीत. मला वाटलं, गरम पाण्याने असतील." मग ती माझ्याकडे वळली. "काकू, म्हणजे गोळ्यांमुळे नाही?"

तिच्या डोळ्यांत जे होतं ते माझ्याच्याने बघवेना. मी उठले, चुन्याने भरलेल्या हातांनी तिचे दोन्ही खांदे धरले.

"ज्याने कोणी हे भोक बुजवलं ना, त्याला मी शोधून काढते. आणि तुझ्यापुढे उभं करून त्याच्या तोंडून वदवून घेते. मी सोडणार नाही त्याला, बघच तू."

मागे ह्यांनी माझा पदर ओढला. का ते मला तेव्हा कळलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिझर बसवणाऱ्याचं दुकान गाठलं. भला माणूस, पण त्या दिवशी माझ्या तावडीत सापडला.

"झरोका न बघता गॅसचा गिझर लावलात?"

"बघितला की, ताई! तुमच्या जिन्याच्या खिडकीतून डक्टमध्ये डोकावलो. पट्ट्या दिसल्या. म्हटलं, आहे हवेला वाट."

"आणि आतून?"

तो खाली बघायला लागला. "आत चाळीसचा दिवा होता. वरचं काय दिसतंय? बाहेरून भोक आहे म्हणजे आतूनही असणारच, असं धरलं मी." मी सगळी हकिगत सांगितली तेव्हा तो हातातला पाना ठेवून खुर्चीवर बसला. "बंद खोलीत गॅस नीट जळत नाही, ताई. त्याचा जो वायू होतो त्याला वास नसतो. आधी डोकं दुखतं. मग गुंगी येते. माणूस झोपल्यासारखा जातो."

आधी डोकं दुखतं. मी तिथून निघाले तेव्हा माझंच डोकं भणभणत होतं.

मग शेजारीण. बाईंच्या समोरच्या घरात राहते. तिला आम्ही दोघं आपसात 'तक्रारपेटी' म्हणतो, कारण डक्टमधून फोडणीचा वास येतो, साबणाचा वास येतो, पाण्याचा आवाज येतो, अशी तिची रोज एक चिठ्ठी असते. वास नको म्हणून दुसऱ्याचा झरोका बुजवण्याइतकी ती पुढे जाईल का? मला काल रात्रभर तीच दिसत होती. शिवाय बाई पडल्याचं सगळ्यात आधी तिलाच कळलं होतं.

"पाणी वाहत होतं अर्धा तास," ती सांगायला लागली. "मी दार वाजवलं, हाका मारल्या. मग खालच्या वॉचमनला बोलावून कडी तोडली. आत जाऊन नळ बंद केला. पण तेवढ्यात माझंच डोकं गरगरलं हो, कशीबशी बाहेर आले. म्हटलं, घाबरल्यामुळे असेल."

"झरोक्याला कधी हात लावलात?"

"कुठला झरोका? आहे का तिथे?" ती भांडायच्या पवित्र्यात आली आणि मग तिला उमगलं. "तुम्ही माझ्यावर संशय घेताय? अहो, मी त्यांना दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलंय."

मला माझीच लाज वाटली. दोन वर्षं जिच्या चिठ्ठ्यांना हसत होतो, ती बाई त्या खोलीत शिरली होती.

डॉक्टरांना फोनच केला. झरोक्याचं सगळं सांगितलं. "गाल लाल होते, खरं आहे. त्या वायूने तसे होतात," ते म्हणाले. "मी गिझरकडे पाहिलंच नाही. हृदयाचा पेशंट म्हणून माहीत होत्या, तेच लिहिलं. चूक झाली माझी."

"तीन दिवस गोळी चुकली म्हणून माणूस जातो का, डॉक्टर?"

"त्या गोळीने? नाही. तीन दिवसांनी असं होत नाही."

म्हणजे पोर निर्दोष होती. आणि कोणीतरी दुसरं होतं.

४

दुपारी मी पुन्हा त्या भिंतीपुढे उभी राहिले. माणसं खरं-खोटं सांगतात. भिंत दिलेला प्रत्येक हात जपून ठेवते, फक्त तो नीट खरवडावा लागतो.

मी काचकागद घेऊन भोकाच्या चारी बाजू हळूहळू घासत गेले. वर क्रीम रंग. त्याखाली पांढरी पुट्टी. त्याच्याखाली, मूळ भिंतीवर, फिकट निळा. निळा रंग फार जुना, बाईंच्या आधीच्या भाडेकरूच्या वेळचा. आता बुजवलेल्या भागाचा तुकडा मी बादलीतून काढून उजेडात धरला. त्याच्यावर क्रीमचा थर होता, निळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

म्हणजे निळा रंग दिला तेव्हा झरोका उघडा होता आणि क्रीम रंग दिला तेव्हा बुजलेला. क्रीम रंग एकदाच लागला होता, चार वर्षांपूर्वी, बाई राहायला यायच्या आधी. गिझरवाला आला या थंडीत. तक्रारपेटी राहायला आली दोन वर्षांपूर्वी. बाईंच्या हातीही किल्ली रंग वाळल्यावरच गेली. तिघांनाही मी मनातल्या मनात यादीतून खोडलं.

राहिले, त्या आठवड्यात आत-बाहेर करणारे. म्हणजे आम्हीच.

तरीही मी उरलेली पुट्टी काढत गेले, आणि मग ती रेघ दिसली. पेन्सिलची रेघ. भोकाच्या चारही बाजूंनी, बरोबर दोन-दोन बोटं जागा सोडून, सरळसोट काढलेली. चारही कोपरे काटकोनात. आत थर्माकोलसुद्धा ब्लेडने मापात कापून बसवला होता. पुट्टीचा एक थेंब रेघेबाहेर गेला नव्हता.

मी सुटकेचा श्वास सोडला. हे काम ह्यांचं नव्हतं. तीस वर्षांत ह्यांनी कशालाही पट्टी लावलेली मी पाहिलेली नाही. सगळं अंदाजपंचे. घरातला एकही फोटो सरळ नाही. आणि मुळात त्या आठवड्यात ह्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. पहिल्याच दिवशी स्टुलावरून पडले, मनगट मोडलं आणि बाकीचे दिवस बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पडून सूचना देत होते. मला रजा नव्हती, शाळेचे निकाल तोंडावर होते. तेव्हा दोन दिवस कामाला आले होते ते भावोजी.

भावोजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. जन्मभर कोर्टात टायपिस्ट. चारी बाजूंना समास सोडल्याशिवाय ज्यांना पोस्टकार्डसुद्धा लिहिता येत नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. इतका हुशार माणूस, आणि हवेची वाट बंद करतो? कशासाठी? मी हात न धुताच बाहेर निघाले, आणि जिन्याच्या वळणावर थबकले. खालच्या पायरीवर हे पाठमोरे बसले होते. फोनवर हळू आवाजात बोलत होते.

"हे बघ, ती विचारायला आली तर तू काही बोलू नकोस. मला आठवत नाही म्हण. आणि तो कागद असेल ना तुझ्याकडे, तो फाडून टाक. आत्ताच्या आत्ता."

५

ह्यांच्याशी मी एक शब्द बोलले नाही. त्यांना ओलांडून तशीच रिक्षा केली आणि भावोजींच्या दारात जाऊन उभी राहिले. आपल्या भावाला वाचवायला माझा नवरा पुरावा फाडायला सांगतो! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतका परका मला तो कधी वाटला नव्हता.

भावोजींनी दार उघडलं. टेबलावर एक फाईल उघडी होती.

"या, वहिनी. दादाचा फोन आला होता. कागद फाड म्हणाला." ते गोंधळलेले दिसत होते. "पण फाईलमधला कागद फाडायचा कसा? मला जमेना."

"आमचा बाथरूमचा झरोका तुम्ही बुजवलात?"

"हो," ते म्हणाले. काही लपवण्यासारखं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतंच. "मी आलो त्या पहिल्या दिवशी, सव्वातीन वाजता."

"का? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

त्यांनी फाईल माझ्याकडे फिरवली. प्लास्टिकच्या पिशवीत एक आखीव कागद होता. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण आणि वेळ. अक्षर मी लांबूनच ओळखलं. ते माझं होतं.

बाथरूम.
१. जाळी काढून टाकणे.
२. भोकं बुजवून घेणे.
३. मग रंग.

मी तो कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना मला तो भावोजींच्या डोळ्यांनी दिसला.

"अहो, जाळी म्हणजे कोळ्यांची!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "कोपऱ्यांतली. आणि भोकं म्हणजे खिळ्यांची!"

"झरोक्याला आतून लोखंडाची जाळी होती, वहिनी."

"पण कोळ्यांचीही होती ना!"

"तीही काढली."

एक जाळं, दोन जाळी. एक जाळी, दोन जाळ्या. ऱ्हस्व-दीर्घावरून शिक्षकांचे अर्ज परत पाठवणारी मी. 'कोळ्यांची' एवढा एक शब्द लिहायचा कंटाळा केला होता.

"तुम्हाला इतकं कळू नये?" मी शेवटची काडी धरल्यासारखी म्हणाले. "हवेची वाट आहे, ती कोणी बंद करतं का? निदान विचारायचं तरी!"

"विचारलं होतं," भावोजी म्हणाले. "लिहिलेल्यात मी कधी हात घालत नाही. नोकरीत एकदा साहेबांचा एक शब्द सुधारला होता. ते म्हणाले, तू टायपिस्ट आहेस, अर्थ लावायला मी बसलोय. तेव्हापासून कानाला खडा. पण हे भोक जरा मोठं वाटलं, म्हणून तुम्हाला ऑफिसात फोन केला." त्यांनी कागद उलटा केला. मागे पेन्सिलने लिहिलं होतं: 'भोक मोठं आहे, बुजवायचं का, विचारलं. वहिनी: सगळी बुजवा. दोन पन्नास.'

आणि मला आठवलं. एकदम, सगळंच्या सगळं. टेबलावर निकालपत्रांचे गठ्ठे. समोर तपासणीला आलेले साहेब. कानाशी फोन, आणि पलीकडून हा शांत, चिकट आवाज, "वहिनी, एक भोक मोठं आहे." आणि माझा आवाज, साहेबांना ऐकू जाईल असा, ऐटीत: "लहान-मोठं काय विचारत बसताय? सगळी म्हणजे सगळी बुजवा. आणि पुन्हा फोन करू नका, मला कामं आहेत."

बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पडलेल्या ह्यांनी अर्धा फोन ऐकला होता. त्याचा अर्थ त्यांना काल, भोक पाहिल्यावर लागला. भावाला वाचवत नव्हते ते. मला वाचवत होते.

"पण झालंय काय, वहिनी?" भावोजी विचारत होते. "दादा काही सांगेना."

मी सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि ते त्यांच्याकडेच बघत राहिले. साठी उलटलेला माणूस. "मी केलं," ते म्हणाले. "माझ्या हातांनी. मी इतकं नीट केलं, वहिनी, की वाराही जाऊ नये."

मग त्यांनी डोळे पुसले.

"त्या मुलीला सांगावं लागेल ना. माझंच नाव सांगा. मी येतो बरोबर. काय बोलायचं ते तुम्ही सांगा, मी तेवढंच बोलेन. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही."

आणि ते खरंच तसं बोलले असते. मी म्हटलं असतं, 'माझी समजण्यात चूक झाली म्हणा', तर ते तेवढंच म्हणून, तिच्या पाया पडून परत आले असते. त्यात खोटंही फारसं नव्हतं. कागद माझ्या हातात होता. मी तो घडी करून पर्समध्ये टाकला तेव्हा त्याचं काय करणार हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

६

औषधांच्या दुकानात अजून संध्याकाळची गर्दी नव्हती. पोर काउंटरमागे खोकी लावत होती. मला एकटीला पाहून ती पुढे आली.

"सापडला, काकू?"

तिने मागे, माझ्या पाठीशी पाहिलं. मी कोणाला तरी धरून आणलं असेल, असं तिला वाटलं होतं.

मी खूप काही ठरवून आले होते. भावोजींपासून सुरुवात करायची, गिझरवाल्याचं सांगायचं, डॉक्टरांचं सांगायचं, म्हणजे माझ्या वाट्याला जरा कमी येईल. पण त्यातलं काहीच केलं नाही. मी पर्स उघडली आणि तो कागद काउंटरवर ठेवला.

तिने वाचला. डॉक्टरांची अक्षरं लावणारी मुलगी, एका दमात वाचला. भावोजींनी जसा वाचला तसाच. मग मागची बाजू वाचली.

"हे अक्षर कोणाचं?"

"मागचं माझ्या दिराचं. पुढचं..." मी थांबले. "पुढचं माझं."

मग मी सगळं सांगितलं. कोळ्यांची जाळी, फोन, समोर बसलेले साहेब. बाईंचा डोकं दुखण्याचा फोन आणि मी त्यांना दिलेलं उत्तरही सांगितलं, ते तर कोणी विचारलंही नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती ओरडेल, खोकं फेकून मारेल, असं वाटत होतं, आणि तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

"गोळ्यांचा संबंध नाही," तिने शेवटी विचारलं. "नक्की?"

"अजिबात नाही. डॉक्टर स्वतः म्हणाले."

ती स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडायला लागली. तीन महिन्यांचं सगळं रडू. मी काउंटरच्या अलीकडे उभी होते. पलीकडे जाऊन तिला जवळ घ्यायचा हक्क आता मला नव्हता. मी नुसती उभी राहिले.

थोड्या वेळाने तिने तोंड पुसलं, बिलांची वही उघडली, एक कोरा कागद फाडून माझ्यापुढे सरकवला. वर पेन ठेवलं.

"लिहून द्या."

मी पेन घेतलं. असे कागद मी हजारांनी लिहिलेत. हात आपोआप चालला. 'दुरुस्तीच्या कामादरम्यान गैरसमजातून बाथरूमचा झरोका बुजवला गेला.'

तिने उलटा वाचला. "गेला नाही, काकू," ती म्हणाली. "कोणी बुजवायला लावला?"

मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं: 'बाथरूमचा झरोका बुजवायला मी सांगितलं. दिराने विचारलं तेव्हा मी ऐकून घेतलं नाही. हवा कोंडली आणि त्यामुळे बाई गेल्या. त्यांच्या मुलीच्या हातून काहीही चुकलेलं नाही.' खाली सही केली.

तिने कागद हातात घेतला नाही. काउंटरमागून तिने एक नंबर सांगायला सुरुवात केली, पाठ असलेला. "तुमच्या फोनवरून लावा. माझा तो उचलत नाही."

मी लावला. चार वेळा वाजल्यावर एक भारदस्त आवाज आला, "कोण?"

मी कोण ते सांगितलं. मग कागद उचलला आणि वाचला. शेवटच्या ओळीला माझा आवाज फाटला म्हणून ती ओळ पुन्हा एकदा, नीट वाचली.

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, वाट बघत उभं राहिलं. फोन कट झाला की काय म्हणून मी पाहिलं, तर चालूच होता. नुसता श्वास ऐकू येत होता.

मग मामा म्हणाला, "ती आहे का तिथे? तिला द्या फोन."

मी फोन तिच्या हातात दिला आणि दुकानाच्या बाहेर येऊन उभी राहिले.